नणंद, भावजय आणि पाच देशांचा पाऊस

आग्नेय आशियात कधी जावं असं कुणालाही विचारा, "नोव्हेंबर ते फेब्रुवारी" हे उत्तर ठरलेलं असतं. एका देशात आठ-दहा दिवस जाणाऱ्याला ते पुरतं. आम्हाला मात्र थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया आणि इंडोनेशिया असे सहा देश, पाठीवर सॅक घेऊन, जमेल तिथे बसने, रेल्वेने, होडीने, एका दमात करायचे होते. या सहाही देशांना चालेल असा एकही महिना वर्षात नाही, हे समजून घेण्यातच आमचा जून सरला.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मुक्काम चिपळूण. ती पुण्यात आयटीत. एक नोकरी सोडून दुसरी धरण्याआधी काही महिन्यांची फट तिने मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिने सह्याद्रीतले निम्मे गड पालथे घातलेले, मी जन्मभर व्हाउचरं तपासलेली. त्यामुळे कामाची वाटणी न बोलताच झाली. वाट आणि पाऊस तिच्याकडे, पैसा आणि कागदपत्रं माझ्याकडे. "वहिनी, तू फक्त दर वेळी 'बघू' म्हणू नकोस," एवढीच तिची अट होती. ती मी बऱ्यापैकी पाळली.

गेल्या वर्षीचं बँकेचं मोठं कॅलेंडर घरात पडून होतं. त्याचं एक पान उलटं करून कोऱ्या पाठीवर तिने आडवे महिने मांडले, उभे देश, आणि निळ्या पेनाने पावसाच्या चौकटी रंगवायला घेतल्या. थायलंडचा बराचसा भाग, लाओस, कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनाम यांना पाऊस देतो तो नैऋत्य मोसमी वारा, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, आपल्यासारखाच. इथवर सोपं होतं. पण मध्य व्हिएतनाम, म्हणजे हुए, दा नांग, होई आन हा किनारा, भिजतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, ईशान्येकडच्या वाऱ्याने. आपला पाऊस संपला की चेन्नईचा सुरू होतो, तोच प्रकार. थायलंडच्या आखातातलं सामुई बेटही याच गटातलं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियान बेटं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंदच असतात. आणि विषुववृत्त ओलांडलं की सगळंच उलटं. जावा आणि बालीत नोव्हेंबर ते मार्च पाऊस, एप्रिलपासून कोरडं. म्हणजे "नोव्हेंबर ते फेब्रुवारी" हे लाडकं उत्तर आमच्या सहापैकी चार देशांत कुठे ना कुठे चक्क चुकत होतं.

निळा रंग भरून झाला तेव्हा कोरी जागा तिरकी उरली. डावीकडे वर जानेवारीत थायलंड, आणि तिथून पायरी-पायरीने खाली उतरत एप्रिलात जावा. नणंद म्हणाली, "बघ, वाट आपोआपच निघाली." खरं तर निघाली नव्हती, कारण करडा रंग राहिला होता. उत्तर थायलंड आणि उत्तर लाओसमध्ये फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतातला पालापाचोळा आणि जंगल जाळतात. त्या दिवसांत चियांग माई जगातल्या सर्वांत धुरकट शहरांच्या यादीत वरच्या नंबरावर जाऊन बसतं. आपल्याकडे पेरणीआधी कवळं आणि पातेरा जाळून भाजावळ करतात तसलंच काहीसं, पण एवढ्या मोठ्या मुलखात एकदम, आणि धूर डोंगरांत कोंडून राहणारा. पर्यटनाची रंगीत पानं याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मला दम्याची थोडी पार्श्वभूमी आहे, तेव्हा इथे मी "बघू" म्हटलंच नाही, सरळ "नाही" म्हटलं. जानेवारी संपायच्या आत उत्तरेतून बाहेर पडायचं ठरलं.

ऑक्टोबरच्या शेवटी हुए आणि होई आनच्या पुराच्या बातम्या आल्या. हुएजवळच्या बाख मा डोंगरावर २४ तासांत १,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. चिपळूणचा वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस, एका दिवसात. होई आनच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या, लोक पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून खाली डोकावत होते. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं होतं, तेव्हा आम्ही अशाच जिन्यावर बसून पाण्याकडे बघत होतो. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "तिथे जायचंय ना तुम्हाला? मार्चात जा." आम्ही कागदावर नेमका मार्चच लिहिला होता. त्या दिवसापासून घरातला विरोध जरा सैल झाला.

पाऊस झाला, आता सण. हा भाग मी आधी हलक्यात काढणार होते, पण नणंदेने लाल पेन हातात घेतल्यावर कागदाची सगळी घडीच विस्कटली. व्हिएतनामचं नववर्ष तेत, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. त्याच्या आगेमागे आठवडाभर सगळा देश गावाकडे निघतो. रेल्वेची तिकिटं संपलेली, खानावळी बंद, जे चालू त्याचे भाव चढे. गणपतीला कोकण रेल्वेचं तिकीट ज्याने काढलंय त्याला यापुढे काही सांगायला नको. मार्चच्या विशीत रमजान ईद, आणि ईदेच्या आधीचे-नंतरचे दिवस जावात कोट्यवधी माणसं शहरांतून गावी जातात आणि परततात. १३ ते १५ एप्रिल थायलंडचं सोंगक्रान, त्याच सुमारास कंबोडिया-लाओसची नववर्षं. यातलं प्रत्येक बघण्यासारखं आहे, पण बघायला जाणं वेगळं आणि त्या गर्दीत सॅक घेऊन बसस्टँडवर उभं राहणं वेगळं.

एका लाल चौकटीपाशी मात्र आम्ही दोघी थांबलो. १९ मार्च २०२६. इकडे गुढीपाडवा, शके १९४८ चा पहिला दिवस. आणि बालीत न्येपी. बालीचे हिंदू शक कालगणना वापरतात, त्यांचंही त्या दिवशी शक १९४८ सुरू होतं. फरक इतकाच की आपण गुढी उभारून, श्रीखंड खाऊन, शोभायात्रा काढून नवं वर्ष सुरू करतो, आणि ते चोवीस तास चिडीचूप बसून. रस्त्यावर माणूस नाही, दिवे नाहीत, चूल नाही. मोबाइलचं इंटरनेट बंद. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पाहुण्यांनीही हॉटेलाच्या आवारातच राहायचं, आणि ते राहतात की नाही हे बघायला गावचे पहारेकरी फिरतात. आदल्या संध्याकाळी मात्र चौकाचौकांत राक्षसांचे प्रचंड पुतळे नाचवतात, ओगोह-ओगोह म्हणतात त्यांना.

मार्चात बालीत पाऊस असतो, निळी चौकट ठळक होती. आम्ही घातलेला नियम एवढाच होता की निळ्या चौकटीत पाय ठेवायचा नाही. नणंदेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "आपण कोकणातल्या बायका, पावसाला काय घाबरायचं," असं मीच म्हटलं म्हणे. मला आठवत नाही, पण ती तसं सांगते. बाली पाडव्याआधी तीन दिवस गाठायचं आणि ईद ओसरेपर्यंत तिथेच राहून मग जावात उतरायचं ठरलं.

हे सगळं बसवत असतानाच जमिनीवरची वाट तुटली. आमच्या पहिल्या आराखड्यात बँकॉकहून सरळ पूर्वेला आरण्यप्रथेत-पोइपेतची सीमा ओलांडून कंबोडियातल्या अंकोरच्या जुन्या देवळांपाशी जायचं होतं. वर्षानुवर्षं सगळे सॅकवाले हीच वाट धरत आले. जून २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया तंटा पेटला, सीमेवरची नाकी बंद झाली, जुलैत तोफा चालल्या. आम्ही महिनाभर रोज बातम्या बघितल्या. आता उघडतील, मग उघडतील. माझं मत असं की आखणी करताना बंद दार बंदच धरावं, उघडलं तर बोनस. नणंदेला ते पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर तिने नकाशा फिरवला आणि वाट लाओसमधून काढली. चियांग राईच्या पुढे चियांग खोंगला मेकाँगवरचा चौथा मैत्री पूल ओलांडायचा. हुआय साईहून दोन दिवसांच्या संथ होडीने, मध्ये पाकबेंगला मुक्काम करत, लुआंग प्रबांग. तिथून व्हिएंतियानपर्यंत रेल्वे. डिसेंबर २०२१ मध्ये चीनकडून आलेला लोहमार्ग सुरू झाला आणि पूर्वी डोंगरातून दिवसभर लागायचा तो प्रवास दोन तासांवर आला. मग दक्षिणेला मेकाँगमधल्या बेटांपर्यंत, सी फान दोनपर्यंत, आणि तिथून खालून कंबोडियात. त्या बाजूची सीमा उघडी होती.

गंमत म्हणजे ही सक्तीची वाट पहिल्यापेक्षा सरस निघाली. कंबोडिया फेब्रुवारीत आलं, तेतची गर्दी आम्ही तिथे बसून टाळू शकत होतो, आणि मग बाव्हेत-मोक बाइची सीमा ओलांडून सायगॉन. व्हिएतनाम दक्षिणेकडून उत्तरेला करायचं. होई आन मार्चच्या सुरुवातीला. बळी गेला तो मलेशियाचा. विमान बदलण्यापुरतंही ते वाटेत येईना. दोन दिवस आम्ही क्वालालंपूर कुठेतरी कोंबण्याचा खटाटोप केला, मग नणंदेने खोडरबर घेतलं आणि तो अख्खा आडवा पट्टा पुसून टाकला. पुसल्यावर कागद एवढा मोकळा दिसायला लागला की आणखी एखादा देश पुसावा असं वाटून गेलं.

लाओसबद्दल एक गोष्ट तिला सांगावी लागली, कारण ती मळलेली वाट सोडून झाडीत घुसणाऱ्यांपैकी आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले कित्येक फुटलेच नाहीत आणि आजही जमिनीत आहेत. शेतात कुदळ मारताना माणसं अजून मरतात. तिथे पायवाट म्हणजे पायवाट. शॉर्टकट नाही.

आता माझं खातं, म्हणजे कागदपत्रं. आम्ही आखणी करत होतो तेव्हा भारतीयांना थायलंडमध्ये साठ दिवस व्हिसा लागत नव्हता, पण विमान उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. मे २०२५ पासूनची पद्धत. ते फुकट असतं. पण शोधयंत्रात नाव टाकलं की सगळ्यात वर जी पानं येतात त्यांपैकी काही याच फुकटच्या अर्जाचे पैसे घेतात, आणि दिसायला अस्सल सरकारी दिसतात. संकेतस्थळाच्या पत्त्याचं शेपूट बघायची सवय मी नणंदेलाही लावली. लाओस आणि कंबोडियात पोचल्यावर सीमेवर व्हिसा मिळतो, तीस दिवसांचा, डॉलर रोख मोजून. दोघांचेही व्हिसे म्हणजे पासपोर्टचं अख्खं पान खाणारे स्टिकर. आपल्या साध्या पासपोर्टला ३६ पानं. माझ्या पासपोर्टात जुन्या प्रवासांचे शिक्के इतके ऐसपैस मारलेले होते की मी तो मुदतीआधीच बदलून साठ पानी घेतला. घेताना परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत उरते का हेही बघायचं असतं, ते आपोआपच झालं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. अर्ज सोपा, पण त्यात दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. कुठल्या नाक्यावरून आत जाणार ते आधी सांगावं लागतं, आणि ते नाकं ई-व्हिसा चालणाऱ्या यादीत असावं लागतं. आमचं मोक बाइ यादीत होतं. दुसरं नाव. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकामागोमाग, आणि आडनाव वेगळं. त्यांच्या अर्जात हे सगळं जसंच्या तसं, त्याच क्रमाने उतरलं पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पैसे परत मिळत नाहीत, अर्ज पुन्हा करावा लागतो. मी अर्ज भरला, नणंदेने मोठ्याने वाचला, मी पासपोर्टवर बोट ठेवून टिकमार्क केले. बँकेत दिवसाअखेरीस कॅश टॅली करायचो, अगदी तसंच. इंडोनेशियाचा व्हिसा पोचल्यावर, पाच लाख रुपिया. आकडा ऐकून सासूबाईंनी डोक्याला हात लावला, तेव्हा सांगावं लागलं की ते आपले अडीच-तीन हजार रुपये होतात. शिवाय बालीचा वेगळा पर्यटक कर दीड लाख रुपिया, २०२४ पासूनचा.

पैशांचा हिशेब मी वहीत केला. एक्सेल नणंदेने करून दिली होती, पण वही बरी. एका माणसाला दिवसाला सरासरी अडीच हजार रुपये धरले, यात झोपायचं, खायचं आणि स्थानिक फिरायचं. लाओस-कंबोडियात त्यातले काही वाचतात, बालीत ते भरून निघतात. विमानं, व्हिसे, विमा आणि अंकोरसारखी मोठी तिकिटं वेगळी. अंकोरचं तिकीट एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. म्हणजे तीनवरून सातवर जायला फक्त दहा डॉलर जास्त. नणंद लगेच सातवर तयार. मी म्हटलं, चार दिवस तिथे राहायचा खर्च कोण धरणार? तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत केव्हाही वापरता येतं, सलग लागत नाही, हे वाचल्यावर वाद मिटला.

रोख परकी चलन माणशी तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतं, आणि एवढं आम्हाला लागणारही नव्हतं. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण नोट जराशी फाटलेली, शाई लागलेली, फार घडी पडलेली असेल तर कुणी हात लावत नाही. म्हणून चलन घेताना मी काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून बघितली. पलीकडच्या पोराने विचारलं, "मॅडम, बँकेत होतात का?" छोट्या नोटा जास्त मागितल्या, सीमेवर सुटे देत नाहीत म्हणून. बाकी पैसा दोन वेगवेगळ्या बँकांच्या कार्डांवर आणि एका फॉरेक्स कार्डावर. फॉरेक्स कार्डाचं एक सांगण्यासारखं म्हणजे त्यात थायलंडचा बात भरता येतो, पण व्हिएतनामचा डोंग, लाओसचा किप भरता येत नाही. मग डॉलर भरायचे, आणि तिकडे काढताना बदलीचा खर्च अंगावर घ्यायचा. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी एटीएम २२० बात कापतं, सहाशे रुपये झाले. दोन हजार बात काढा नाहीतर वीस हजार, कापणी तेवढीच. तेव्हा थोडे थोडे काढायची आपली सवय तिथे सोडायची.

डॉक्टरांकडे मी एकटी गेले होते, पण त्यांनी नणंदेलाही बोलावून घ्यायला लावलं. विषमज्वर, कावीळ अ, धनुर्वात या लशी अपेक्षितच होत्या. खेडेगावांत भाताच्या शेतांजवळ राहणार म्हटल्यावर जपानी मेंदूज्वराचीही निघाली. मला नवीन होती ती रेबीजची, आधीच घ्यायची. मी म्हटलं, कुत्रं चावलंय कुठे अजून? डॉक्टर हसले. बालीत २००८ पासून रेबीज आहे, देवळांतली माकडं चावतात-ओरबाडतात, आणि आधी लस घेतली नसेल तर चावल्यावर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं. ते छोट्या बेटावर मिळेलच याची खात्री नाही. आधी दोन डोस घेतलेले असतील तर चावल्यावर फक्त दोन बूस्टर, आणि मोठ्या शहरापर्यंत जायला उसंत मिळते. दोघींनी दंड पुढे केले. डेंग्यूबद्दलही त्यांनी बजावलं. त्याचे डास दिवसा चावतात. ताप आला तर पॅरासिटामॉलच, अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण प्रवासाच्या, मूळ पाकिटांत, चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव लिहून. खोकल्याच्या एका बाटलीत अफूवर्गातलं कोडीन होतं, ती घरीच ठेवली. या देशांत औषधांवरून जेलची हवा खायची नाही.

दुचाकीवरून मात्र आमच्यात जुंपली. नणंद बुलेट चालवते. उत्तर व्हिएतनाममधल्या हा जियांगच्या घाटांतली मोटारसायकलची फेरी तिच्या यादीत पहिली होती. आरटीओतून तिने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही काढून आणलं, वर्षभराच्या मुदतीचं. पण विम्याची पॉलिसी मी वाचली. पूर्ण, बारीक टाइपासकट. त्या देशात वैध परवाना नसताना गाडी चालवली तर अपघाताचा दावा मिळणार नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. आता गंमत अशी की आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं, आणि व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं. म्हणजे थायलंडमध्ये चालणारं तिचं पुस्तक व्हिएतनाममध्ये रद्दी.

"वहिनी, सगळे चालवतात. कुणी विचारत नाही."

"पोलीस विचारणार नाही. विमावाला विचारेल."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तिनेच स्थानिक चालकाच्या मागे बसून जायचा पर्याय शोधून आणला. तिकडे त्याला ईझी रायडर म्हणतात. मागे बसलं की फोटो काढता येतात, असंही वर म्हणाली.

सॅकचं प्रकरण महिनाभर चाललं. स्वस्त विमानांत हातातलं सामान सात किलो, आणि तिकडे सगळी विमानं स्वस्तच घेणार होतो. सात किलोत चार महिने. रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला, दाराच्या चौकटीला अडकवला आणि सॅक टांगली. पहिल्या दिवशी अकरा किलो. मग रोज संध्याकाळी काहीतरी बाहेर. जीन्स गेली, ती दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. जाड टॉवेल गेला, पंचा आला. पंचा हा प्रवाशाने वापरावा असा सर्वांत हुशार कपडा आहे आणि त्याची कुणी जाहिरात करत नाही. माझ्या साड्या सगळ्या गेल्या, एक राहिली, सुती, न्येपीसाठी. नणंद म्हणाली, कशाला? मी म्हटलं, पाडवा आहे.

साडेसातवर काटा अडून बसला तेव्हा सासूबाई भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू घेऊन आल्या. खाण्याची काळजी त्यांना पहिल्या दिवसापासून होती. मी मासे खाते, नणंद पक्की शाकाहारी. व्हिएतनाममध्ये बौद्ध शाकाहारी खानावळी बऱ्याच असतात, पाटीवर 'चाय' लिहिलेलं असतं, थायलंडमध्ये पिवळ्या निशाणावरचं 'जे' शोधायचं. बाकी ठिकाणी हिरव्या भाजीतही माशाचं पाणी असतंच. हे सांगितल्यावर भाजणीचं वजन उलट वाढलं. लाडूंत खसखस होती. हनोईहून बालीला जाताना आमचं विमान सिंगापूरला बदलायचं होतं आणि सिंगापुरात खसखशीवर निर्बंध आहेत, हे मी त्यांना जरा भीतभीतच सांगितलं.

"ते विमान कधी?"

"मार्चात."

"लाडू मार्चपर्यंत उरतील असं वाटतं का तुला?" त्या म्हणाल्या आणि डबा सॅकमध्ये ठेवला. त्यासाठी नणंदेचे जादा बूट निघाले.

एप्रिलचा जावाचा पट्टा आम्ही मुद्दाम कोरा ठेवला होता. योग्यकार्ता आणि बोरोबुदुर एवढंच नाव. बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपावर वर चढायचं असेल तर रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, तेव्हा त्याचं तिकीट आठवडाभर आधी काढायचं अशी टीप, बाकी काही नाही. मुक्कामही फक्त बँकॉकचे पहिले, आणि न्येपीच्या दिवसांचे, कारण तेव्हा रस्त्यावर निघून खोली शोधणं शक्यच नसतं. पुढचं सगळं तिथे गेल्यावर.

एकच गोष्ट राहिली होती. थायलंडला जाताना तुम्ही तिथून बाहेर कधी पडणार याचा पुरावा विमान कंपनी काउंटरवर मागू शकते. आमची परत यायची तिकिटं जकार्ताहून, आणि थायलंडमधून बाहेर पडणार होतो पूल ओलांडून बसने. बसचं तिकीट पुरावा म्हणून मानायचं की नाही हे काउंटरवरच्या माणसावर, म्हणून मी पूर्ण परताव्याचं विमान तिकीट काढून ठेवलं, बँकॉक ते व्हिएंतियान, न वापरण्यासाठी. नणंद म्हणाली, उगाच पैसे अडकवतेस. मुंबईच्या काउंटरवर मुलीने दोघींच्या सॅक काट्यावर ठेवल्या, सहा किलो नऊशे आणि सात किलो शंभर, दुसरीकडे तिने काणाडोळा केला. मग विचारलं, "मॅम, थायलंडमधून पुढे कधी?" मी कागद पुढे केला. बँकॉकला शिक्का बसल्यावर बाहेरच्या बाकावर बसून ते तिकीट रद्द केलं. पैसे आठवड्याने जमा झाले, तीनशे रुपये कापून. 'पूर्ण परतावा' लिहिलेलं असताना तीनशे कशाचे, हे मी अजून विचारतेय.